सुमाक: बगदादच्या पुस्तकातून गाझाच्या ईदपर्यंत

मुसलमानांचं जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बिर्याणी, कबाब आणि तेलाचा तवंग येतो. आमच्या कोकणातल्या घरांमध्ये माशाच्या कालवणात आमसूल पडतं, तरी आंबट ही ‘मुस्लिम’ चव असेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं. तो समज एका जुन्या पुस्तकाने मोडला.

१२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी ‘किताब अल-तबीख’ हा पाकग्रंथ लिहिला. जगातल्या सहा सुखांमध्ये ते अन्नाला पहिला मान देतात, आणि पाककृतींची सुरुवातच आंबट पदार्थांपासून करतात. त्यांतली एक म्हणजे ‘सुमाकिया’, सुमाकच्या कोळात शिजवलेलं मांस.

सुमाक हे भूमध्य समुद्राभोवती आणि पश्चिम आशियात वाढणारं झुडूप. त्याच्या तांबड्या फळांचे घोस वाळवून कुटतात, किंवा आपण चिंच भिजवतो तशी भिजवून पाणी गाळून घेतात. नावाचं मूळ अरामी भाषेतल्या ‘लाल’ या अर्थाच्या शब्दात आहे. लिंबू तिकडे रुळण्याआधी रोमन लोकही आंबटपणासाठी सुमाक वापरत. आपल्याकडून गेलेल्या चिंचेला अरबांनी ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असं नाव दिलं. सुमाक मात्र इकडे रुळला नाही. चिंच, कोकम, कैरी हाताशी असताना त्याची गरज तरी काय होती?

पुस्तक लिहिल्यानंतर ३२ वर्षांनी, १२५८ मध्ये, हुलागूच्या फौजेने बगदाद उद्ध्वस्त केलं. खलिफा मारला गेला. पुस्तकाचं हस्तलिखित पुढे इस्तंबूलमध्ये सापडलं आणि १९३४ साली मोसुलला दाऊद चलबी यांनी ते छापलं. पण सुमाकियाने या छपाईची वाट पाहिली नव्हती. ती घराघरांतून चालत आली होती.

आज या पदार्थाचं गाव म्हणजे गाझा. तिथे सुमाकच्या पाण्यात मांस, पालेभाजी आणि काबुली चणे शिजवतात, तिळाची ताहिनी घालतात. सणाला आणि लग्नाला मोठ्या पातेल्यात ती रटरटते आणि नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे भांडी भरभरून जाते. आपल्या शीरखुर्म्यासारखीच ही रीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर काम करणाऱ्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. जिथे पिठाच्या पोत्यासाठी माणसं जीव धोक्यात घालत होती, तिथे शेजाऱ्याला पाठवायला काय उरणार होतं?

हुलागूची स्वारी इतिहासाच्या पुस्तकांत असते. सुमाकिया नसते. ती करणाऱ्या बायकांच्या हातात असते, आणि पाककृती लिहून ठेवलेली नसेल तर त्या हातांबरोबरच जाते. ईदला शेजारी शीरखुर्मा द्यायला निघालो की हल्ली मला ते आंबट, तांबूस पातेलं आठवतं.