डालडा : एका नावाची मजुरी

आमच्या नाशकात लहानपणी ‘वनस्पती तूप’ कोणी म्हणत नसे. म्हणत ते डालडा. हा शब्द कोठला? ‘दादा’ या डच कंपनीच्या नावात लीव्हर कंपनीने आपला ‘ल’ घातला आणि १९३७ साली हा माल बाजारात आणला. शिवडीच्या कारखान्यात तेलाला हायड्रोजन देऊन ते तुपासारखे गोठवीत. साजूक तूप न परवडणाऱ्या कामकऱ्याच्या घरी त्यावर सणाची पुरी तळली गेली. पुढे कोणत्याही कंपनीचे वनस्पती डालडाच ठरले. रिकाम्या डब्यात तुळस लागली. २००३ साली लीव्हरने ते नाव विकले. पण नावाचा शब्द केला तो घरोघरच्या बायकांनी. त्याची मजुरी त्यांना कोणी दिली?