नगरची ख्रिस्ती मंडळी आणि तिची उपासना

मोरावियन बंधुसंघाची गोष्ट निघाली की आधी त्यांचं गाणं आठवतं. आजच्या चेक देशातल्या या लोकांनी १५०१ सालीच आपल्या बोलीत गीतसंग्रह छापला. १७३२ पासून त्यांनी जगभर माणसं धाडली. आपल्या देशात ते तरंगंबाडीला आले, पुढे १८८५ मध्ये लेहला. बीडकरांनी मात्र फार लांब जायला नको. आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा. तिथे आले अमेरिकन मराठी मिशनचे लोक. पंथ वेगळा, पण प्रश्न तोच होता: देवाला हाक मारायची ती कोणाच्या आवाजात?

अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आले आणि १८३३ मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. त्यात कोण होते बघा. मिशनच्या अनाथालयातले अपंग, आंधळे, निराधार लोक, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण. बाबाजी त्याच वर्षी पटकीने गेले. त्यांचं चरित्र हॉलिस रीड यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत छापलं. पुढे हरिपंत खिस्ते आले, तेही ब्राह्मण, आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. नंतर मंडळीत गावोगावचे महार-मांग मोठ्या संख्येने आले. प्रभुभोजनाला भाकर एक, पेला एक. आज आपण हे सहज बोलून जातो. त्या काळी ज्याच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्याच्या ओठाला लागलेला पेला आपल्या ओठाला लावायचा, हे किती अवघड गेलं असेल! माझ्या मते या मंडळीची खरी कसोटी प्रवचनात नव्हती, या पेल्यात होती.

गाण्याचं तसं नव्हतं. सुरुवातीची गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली. शब्द मराठी, पण चाल परकी. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईला ती कशी रुचावी? १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी येशूची कथा कीर्तनात आणली. कीर्तनकार उभा, साथीला वाद्यं, मधे पदं, आणि लोक समोर बसलेले. दासोपंतांच्या अंबाजोगाईच्या माणसाला हे काही नवं सांगायला नको! काही जणांना त्यात जुन्या धर्माचा वास आला असणार, पण लोक ऐकायला बसले हे महत्त्वाचं.

मग नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, आणि नंतर नगर. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांच्या भजनांनी मंडळीला आपला सूर मिळाला. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची दोनशेच्या वर गीतं आहेत. परक्या मिशनच्या छायेतली मंडळी मात्र त्यांना पुरेना. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्याने यावं. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते वारले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.