बोरघाटातले बोगदे

आमच्या साजगावला बोंबल्या विठोबाच्या यात्रेला आलेली माणसे समोरचा घाट पाहतात. तो फोडला कुणी, हे क्वचितच विचारतात. काम १८५६ साली सुरू झाले, १८६३ साली गाडी वर चढली. २५ बोगदे, तेही दारूचे सुरुंग आणि पहारीच्या जोरावर! कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पत्नी ॲलिसने कंत्राट पुरे करवून घेतले. बाईंचे नाव पुस्तकांत आहे, असावेच. पण १८६१ साली ४२,००० मजूर राबत होते, त्याआधी कित्येक पटकीने गेले. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यांतल्या एकाचेही नाव मला सापडले नाही. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोगदा आला की नातवंडे ओरडतात. मी खिडकीतून सुरुंगाच्या खुणा शोधत बसतो.