नेट अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिदक्षता विभागातील

मूत्रपिंडे निकामी झालेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या शरीरात साठलेले जास्तीचे पाणी डायलिसिस यंत्राने काढण्याची क्रिया. यंत्राने गाळलेल्या द्रवातून रुग्णाला परत दिलेला द्रव वजा केला की उरते ते ‘नेट’.

पार्श्वभूमी : जंतुसंसर्गाने रक्तदाब खचला की सलाइन भराभर दिले जाते. केशवाहिन्या पाझरू लागलेल्या असतात, त्यामुळे ते ऊतींत मुरते. ७० किलोच्या रुग्णात ७ लिटर पाणी साठले की जलाधिक्य १०% होते. या मर्यादेपलीकडे मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळते. मात्र पाणी हे त्याचे कारण की आजाराच्या तीव्रतेची खूण, यावर मतभेद आहेत.

इतिहास : जर्मनीतील गॉटिंगेन येथे पीटर क्रामर यांनी १९७७ मध्ये धमनी-शिरा मार्गाने सतत गाळण्याची पद्धत मांडली. तीत पंप नव्हता. रुग्णाच्याच रक्तदाबावर गाळणे चाले. पुढे पंपाची शिरा-शिरा पद्धत रूढ झाली.

वेग : या विषयाचा गाभा हाच. यंत्र पाणी काढते रक्तातून, सूज असते ऊतींत. ऊतींतले पाणी रक्तात परतण्याआधीच यंत्राने ओढून घेतले, तर रक्तदाब कोसळतो, हृदयाच्या स्नायूचा काही भाग तात्पुरता मंदावतो आणि सावरू पाहणाऱ्या मूत्रपिंडांना पुन्हा इजा होते. म्हणून दिवसाला किती लिटर, यापेक्षा तासाला किलोमागे किती मिलिलिटर हे आधी ठरवावे. वरील रुग्णात ताशी १.५ मिलि. प्रतिकिलो दराने दिवसभरात सुमारे २.५ लिटर निघतात. तेवढेच चार तासांत काढायचे तर वेग ताशी ९ मिलि. प्रतिकिलोपर्यंत चढतो. तापलेला, रक्तदाब चढवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनवर टिकून असलेला रुग्ण तो क्वचितच सोसतो.

पुरावा : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ‘रीनल’ चाचणीत (२००९) १,५०८ रुग्ण होते, तिचा मूळ प्रश्न गाळण्याच्या मात्रेचा होता. तिच्याच नोंदींच्या २०१९ मधील फेरविश्लेषणात ताशी १.७५ मिलि. प्रतिकिलोहून अधिक वेगाने पाणी काढलेल्यांत मृत्यू अधिक दिसले, तुलना १.०१ हून कमी वेगाच्या गटाशी होती. त्याआधी, २०१८ मध्ये, पिट्सबर्गच्या १,०७५ रुग्णांच्या अभ्यासात उलट चित्र होते : दिवसाला २५ मिलि. प्रतिकिलोहून अधिक पाणी निघालेले रुग्ण २० किंवा त्याहून कमी निघालेल्यांपेक्षा जास्त तगले. विरोध वाटतो तितका मोठा नाही. दिवसाचे २५ मिलि. म्हणजे ताशी जेमतेम १.०४. दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने १ ते १.७५ हा पट्टा नियम म्हणून नव्हे, आरंभबिंदू म्हणून वापरावा आणि दर काही तासांनी पुन्हा तपासावा.

सहनशीलता वाढविण्याचे उपाय : डायलिसिस द्रवाचे तापमान ३५° से. च्या आसपास, सोडियम थोडे चढे, सत्र लांब.

बालरुग्ण : जलाधिक्याचा हिशेब वजनाच्या टक्केवारीतच मांडावा.

भारत : सतत चालणाऱ्या पद्धतीचे फिल्टर व द्रवपिशव्या महाग असल्याने अनेक ठिकाणी नेहमीच्याच यंत्रावर ६ ते १२ तासांचे संथ डायलिसिस करतात. वेगाचा वरील हिशेब त्यालाही लागू आहे. सत्र लांबविणे शक्य नसेल तर उरलेले पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवावे.