व्रतस्थ बंधूंचे स्मरण

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतात्म्यांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात आणि पुढे महिनाभर घरोघरून आलेल्या कागदांवरची नावे आम्ही मिस्सेत वाचतो. संन्यस्त संघांच्या मठांतून तर हा क्रम वर्षभर चालतो. ज्या तारखेला जो संघबंधू दिवंगत झाला, त्या तारखेला त्याचे नाव उच्चारले जाते. त्याने महाविद्यालय चालविले असो वा आयुष्यभर मठाचे स्वयंपाकघर सांभाळले असो, नाव चुकत नाही. परंतु ज्या बंधुसंघांना मठ नाही, त्यांच्या मृतांची नावे कोणी वाचावीत?

हा प्रश्न आम्हांस मलकापुरात पडला, त्याला कारण आहे. मलकापूर हे कऱ्हाडला चिकटलेले, महामार्गावरचे गाव. येथून काले हे खेडे दूर नाही. त्या काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प सोडला. या परिसरातील शिकलेल्या माणसाची शाळा विचारावी, तर बहुधा 'रयत'चेच नाव ऐकू येते. तेथील जुन्या मंडळींच्या तोंडी 'आजीव सेवक' असा शब्द असतो. तो ऐकला की आम्हांस आमचा व्रतविधी आठवतो. एका कामाला आयुष्य वाहून घेण्याची ही प्रापंचिकांची रीत महाराष्ट्रात रुजली कशी, याचा शोध घेऊ लागलो आणि पुण्यापाशी येऊन थांबलो.

पुण्यास सेमिनरीत असताना भारत सेवक समाजाच्या, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या, आवारावरून आम्ही कितीदा गेलो असू! पाटी वाचली, पुढे चाललो. (१९५२ साली निघालेला त्याच नावाचा समाज निराळा.) येशूसंघाची घटना आम्ही पाठ करीत होतो, आणि एक स्वदेशी बंधुसंघ हाकेच्या अंतरावर उभा होता, याची जाणीव नव्हती.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन व गोपाळ कृष्ण देवधर या तिघांना ती दिली. आमची व्रते तीन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. त्यांच्या शपथा सात. देशाला मनात पहिले स्थान देईन. सेवेतून स्वार्थ साधणार नाही. सर्व भारतीयांस बंधू मानून जात वा धर्म न पाहता काम करीन. संस्था मला व माझ्या कुटुंबाला जे देईल त्यात समाधान मानीन. वैयक्तिक आयुष्य शुद्ध ठेवीन. कोणाशी वैयक्तिक कलह करणार नाही. आणि संस्थेचे हित जपीन. नवागताला पाच वर्षे उमेदवारी असे. आमच्या नवदीक्षितांनाही एवढी कसोटी क्वचितच लागते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले, तेव्हा गांधीजींना या समाजात यावयाचे होते. सभासदांत मतभेद झाले. पद्धती निराळ्या, ध्येये निराळी, असे काहींना वाटले. बंधूंना अवघड स्थितीत टाकण्यापेक्षा गांधीजींनी अर्जच मागे घेतला. हा निर्णय चुकला असे कित्येक म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. थोर माणसाला देखील 'आमची वाट वेगळी' असे सांगता येणे, ही संघाच्या प्रकृतीची खूण आहे.

आता त्या बंधूंकडे वळू. देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुणे सेवासदन उभे केले आणि १९२१ च्या मलबारमधील दंग्यानंतर निराश्रितांच्या मदतीस धावले. सहकारी चळवळीत ते १९३५ साली मृत्यू येईपर्यंत गुंतलेले होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. १९२० च्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांतही ते होते. त्यांचे निधन १९५५ चे. हृदयनाथ कुंझरू १९३६ पासून १९७८ साली मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिले. आमच्या साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, हे येथे कितीजणांना ठाऊक असेल?

परंतु आमचे मन रेंगाळते ते अमृतलाल ठक्कर यांच्यापाशी. भावनगरचा हा स्थापत्य अभियंता युगांडातील रेल्वेचे काम करून परतला आणि काही काळ सांगली संस्थानात नोकरीस राहिला. गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांचा परिचय त्यांना याच काळात घडला. पुढे मुंबई नगरपालिकेत असताना कचरा वाहणाऱ्या सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. १९१४ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी सोडून त्यांनी शपथ घेतली. ज्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो, त्या वयात हे उमेदवार झाले! दाहोदकडील भिल्लांमध्ये त्यांनी काम उभे केले. १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला, तेव्हा चिटणीसपद त्यांच्याकडे आले. १९५१ साली ते गेले, ते 'ठक्कर बाप्पा' होऊन. ब्रह्मचर्याचे व्रत घेतल्याने आम्हांस 'फादर' म्हणतात. त्यांना बाप्पा म्हटले ते भिल्लांनी आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांनी.

येथे धागा पुन्हा साताऱ्यास येतो. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले, आणि पुढे हरिजन सेवक संघाकडून त्याला वार्षिक साहाय्यही मिळू लागले. बाप्पांची चिटणिसी आणि भाऊरावांची पंगत अशी एकत्र आली. भाऊरावांचे देहावसान ९ मे १९५९ रोजी झाले. ९ मे हीच गोखल्यांची जन्मतारीख. योगायोगच, पण मृतांची वही ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटत नाही.

या सर्वांच्या चरित्रात एक गोष्ट आम्हांस टोचत राहते. आमच्या दारिद्र्यव्रताचा भार आमच्या एकट्याच्या खांद्यावर असतो. घरी चूल नसते, फी मागणारी मुले नसतात. त्या चौथ्या शपथेत 'माझे कुटुंब' असे शब्द आहेत. शपथ पुरुषाने घ्यावयाची आणि तीत घरच्यांचा घास बांधला जावयाचा. त्या घरच्यांना कोणी विचारले होते काय? टेकडीवर त्या दिवशी चौघे होते. त्यांच्या घरच्यांची नोंद कोठे आहे?

साताऱ्यात मात्र एक नाव राहिले आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या. सर्व जातींची पोरे घरात आणून पतीने पंगतीस बसविली, तेव्हा त्यांच्या मनात काय खळबळ झाली असेल! तरी त्या त्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपे तेव्हा त्यांचे दागिने जात, आणि अखेर एका अडचणीच्या वेळी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळी सधवेने ते काढणे म्हणजे काय, हे आमच्या आजीपणजींना विचारावे. १९३० साली त्या गेल्या. सातारचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ चे. यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. कोणत्याही संघाने त्यांना शपथ दिली नव्हती.

या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी कागद गोळा झाले, तेव्हा यादीच्या शेवटी आम्ही देवधर, जोशी, ठक्कर आणि भाऊराव ही नावे लिहिली. सर्वांच्या वर लक्ष्मीबाईंचे. मिस्सेनंतर दारापाशी एका वृद्ध बाईंनी विचारले, "फादर, ही लक्ष्मीबाई कोणाच्या घरची?" आम्ही त्यांना पायरीवर बसविले आणि मंगळसूत्राची हकीकत सांगितली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझा धाकटा त्याच वसतिगृहात होता."