शिडीची लिपी

आमच्या ठाकुर्लीचे नाव घेतले की जुन्या माणसांना आठवते ते रेल्वेचे चोळा पॉवर हाउस. जी. आय. पी. रेल्वेच्या विजेच्या गाड्यांसाठी ते १९२९ साली उभे राहिले. पुढे ते बंद पडले.

त्या काळच्या वीजगृहांत नि कारखान्यांत यंत्रांना हुकूम देत ते रिले, म्हणजे चुंबकाच्या ओढीने उघडझाप करणारी विजेची फाटके. त्यांच्या जोडणीचा नकाशा शिडीसारखा काढीत. दोन उभ्या रेघा विजेच्या. मधली प्रत्येक पायरी म्हणजे एक हुकूम. पायरीवर दोन बटणे ओळीने असली, तर दोन्ही दाबल्यावाचून मोटर फिरत नाही. एकाखाली एक असली, तर कोणतेही एक पुरे. मात्र कामाची रीत बदलायची, तर ढीगभर तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत.

तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सला हा खटाटोप नकोसा झाला. १९६८ साली तिने त्यावर तोड मागितली. डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा पी. एल. सी. घडविला. तारांची जोडणी आता यंत्राच्या स्मृतीत जाऊन बसली.

पण वाचकहो, मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. नव्या यंत्राची लिपी म्हणून त्यांनी ती जुनी शिडीच ठेवली! त्यामुळे कारखान्यातला वायरमन एका रात्रीत अडाणी ठरला नाही. आपली विद्या घेऊनच तो नव्या युगात शिरला. पी. एल. सी. शिकणारी मुले आजही तीच शिडी गिरवतात. आम्हां मास्तरांनी घ्यावा असा हा धडा आहे : शिकणाऱ्याला जे येते, तिथेच पहिली पायरी बांधावी.