लिव्हरची रांग : आधी नंबर कोणाचा?

परवा कळंबच्या ओपीडीत एका काकूंनी नागपूरची फाइल पुढे केली. त्यावर 'मेल्ड १७' लिहिलेलं. "डॉक्टर, हे कितीपैकी?" परीक्षेसारखं हे नाही, काकू. इथे मार्क जितके जास्त, तितका धोका जास्त. ६ पासून ४० पर्यंत.

हा आकडा आला कुठून? डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला पहिलं लिव्हर प्रत्यारोपण केलं. यश यायला १९६७ उजाडलं. पुढे शस्त्रक्रिया जमली, पण लिव्हर कमी आणि रुग्ण जास्त. अमेरिकेत तेव्हा रांग ठरायची ती किती दिवस वाट पाहिली, रुग्ण आयसीयूत आहे का, पोटातलं पाणी 'थोडं' की 'बरंच', यावर. आता 'बरंच' म्हणजे किती? ते डॉक्टरच्या हातावर! रांगेत पुढे नेण्यासाठी गरज नसताना रुग्णांना आयसीयूत ठेवल्याचे आरोप शिकागोतल्या काही रुग्णालयांवर झाले.

मेयो क्लिनिकच्या डॉ. पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी वेगळ्याच कामासाठी एक सूत्र काढलं होतं. लिव्हरच्या शिरांमधला दाब कमी करायला स्टेंट टाकला, तर रुग्ण तगेल का, हे सांगणारं. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तीन तपासण्यांवरून पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज त्यातून येतो, हे २००१ मध्ये दिसलं. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेची रांग यावरच लागू लागली. रांगेतले मृत्यू घटले. जास्त आजारी लोकांना आधी लिव्हर देऊनही शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण घसरलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण खोट होतीच. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बारीक बाईचं मुळातच कमी, समजा ०.५. किडनी बिघडून ते दुप्पट, म्हणजे १ झालं, तरी सूत्रात १ च्या खालचं सगळं १ च धरतात. आकडा जागचा हलत नाही. त्यामुळे बायका रांगेत मागे राहिल्या आणि जास्त दगावल्या. तिथे २०१६ मध्ये सोडियम जोडलं, तर २०२३ मध्ये अल्ब्युमिन आणि स्त्रियांसाठी जादा गुण. आमच्या काकूंचं वजन ४१ किलो. त्यांच्या १७ कडे मी म्हणूनच थोडं संशयाने पाहतो.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेता येतात. विदर्भाची यादी नागपूरची झेडटीसीसी सांभाळते. २०१८ पर्यंत नागपुरात लिव्हर प्रत्यारोपणच होत नव्हतं. तिथे मिळालेलं लिव्हर विमानाने पुण्या-मुंबईला जायचं. आणि इथे क्रम निव्वळ मेल्डवर लागत नाही. रक्तगट, अवयव कुठल्या रुग्णालयात मिळाला, रुग्ण अतितातडीचा आहे का, हेही पाहतात. शिवाय भारतात बहुतेक लिव्हर जिवंत नातेवाइकांकडूनच मिळतात. तिथे रांग नसते, पण घाई किती करायची हे ठरवताना आकडा उपयोगी पडतो.

तो बदलतो, हे मात्र ध्यानात ठेवा. जुलाब झाले, इन्फेक्शन झालं, की आठवड्यात १७ चा २५ होतो. काकूंना १५ दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय, जुन्या सगळ्या रिपोर्टांसकट.